एकाच लहरीवर अनेकांचे बोलणे

ग्रामसभा भरली आहे आणि पाणीपुरवठ्याचा विषय निघताच पन्नास जण एकदम बोलू लागले आहेत, हे दृश्य पंचायतीच्या कामाशी संबंध असलेल्यांना अपरिचित नाही. अशा वेळी इतिवृत्त लिहिणाऱ्याची अवस्था बिकट होते. टेबलाजवळ उभ्या असलेल्या दोघातिघांचे म्हणणे त्याच्या वहीत उतरते. मागच्या भिंतीपाशी बसलेली बाई काय म्हणाली, ते मात्र कोणालाच कळत नाही. मग सरपंच सर्वांना शांत करतात आणि एकेकाने बोलावे असे सुचवितात. उपाय योग्यच आहे. पण त्याला वेळ लागतो आणि पुष्कळांची पाळी येण्यापूर्वीच सभा संपते.

बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रातील अभियंत्यांपुढे गेली सव्वाशे वर्षे नेमका हाच प्रश्न उभा आहे. तारेच्या दूरध्वनीत प्रत्येकाला स्वतंत्र तार देता येते. विद्युत्‌चुंबकीय तरंगांना अशी कुंपणे नसतात. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरील आकाशकाला परिसरातील सर्व दूरध्वनींचे तरंग एकत्र मिसळूनच मिळतात. त्या मिश्रणातून प्रत्येकाचा संदेश वेगळा करणे हे ग्राहक यंत्राचे काम होय. हे काम किती चांगले होते, यावर एका मनोऱ्याच्या आधारे किती लोक बोलू शकतील आणि त्यांतील सर्वांत दूरच्या माणसाचे बोलणे पोहोचेल की नाही, हे अवलंबून असते.

वाटणीचे मार्ग

या प्रश्नावरील पहिला उपाय म्हणजे तरंगपट्ट्याची वाटणी. तरंगांची दर सेकंदाला जितकी आंदोलने होतात, तिला कंप्रता म्हणतात. प्रत्येक प्रक्षेपकाला वेगळी कंप्रता दिली आणि ग्राहक यंत्र तिच्याशी जुळविले, की बाकीचे संदेश आपोआप बाजूला पडतात. गुल्येल्मो मार्कोनी यांना या जुळवणीचे ७७७७ क्रमांकाचे ब्रिटिश पेटंट १९०० साली मिळाले. रेडिओची खुंटी फिरवून मुंबई केंद्र सोडून पुणे केंद्र लावणे हा त्याच तत्त्वाचा घरगुती उपयोग आहे. अमेरिकेत शिकागो येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या भ्रमणध्वनी सेवेतही प्रत्येक संभाषणाला ३० किलोहर्ट्‌झ रुंदीची स्वतंत्र पट्टी दिली जात असे.

दुसरा उपाय सरपंचांचा, म्हणजे पाळीचा. युरोपात आखल्या गेलेल्या आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये प्रथम सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झच्या एका पट्टीवर आठ जणांना आळीपाळीने क्षणभर बोलू देतात. ही पाळी इतक्या त्वरेने येते, की बोलणाऱ्यास खंड जाणवत नाही. भारतातील भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता ते दिल्ली या संभाषणाने झाला, तोही याच पद्धतीने.

दोन्ही उपायांत एक उणीव राहते. संभाषणात माणूस निम्म्याहून कमी वेळ बोलतो, उरलेला वेळ ऐकतो. पण त्याच्या वाट्याची पट्टी किंवा पाळी तोवर अडकून पडते.

तिसरा मार्ग धाडसाचा आहे. येथे वाटणीच करावयाची नाही. सर्वांनी एकाच पट्ट्यावर, एकाच वेळी बोलावयाचे. मात्र प्रत्येकाने आपला संदेश स्वतःच्या खास सांकेतिक मालिकेत गुंफून पाठवावयाचा. पन्नास जणांनी पन्नास निरनिराळ्या भाषांत बोलावे आणि ऐकणाऱ्याने हव्या त्या भाषेकडे कान द्यावा, असा हा प्रकार आहे. लष्करी संदेशवहनात रुजलेली ही कल्पना नागरी दूरध्वनीसाठी क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने पुढे आणली. १९८९ मध्ये सॅन दिएगो येथे तिचे प्रात्यक्षिक झाले, १९९३ मध्ये तिला प्रमाणित पद्धतीचा दर्जा मिळाला आणि सीडीएमए या नावाने ती जगभर गेली. रिलायन्सने डिसेंबर २००२ मध्ये नवी मुंबईहून सुरू केलेली सेवा याच पद्धतीची होती. भारत संचार निगमाने ग्रामीण भागात तारेऐवजी बिनतारी जोडणीचे जे दूरध्वनी दिले, त्यांतही तिचा वापर झाला होता. पुढे चौथ्या पिढीच्या सेवेपुढे ती मागे पडली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर मात्र टिकून राहिले.

चार आकड्यांचे उदाहरण

हा प्रश्न समजण्यास बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ असे दोनच दूरध्वनी आहेत. ‘अ’ची सांकेतिक मालिका १, १, १, १ अशी आणि ‘ब’ची १, १, १, −१ अशी आहे. ‘होय’ म्हणावयाचे असेल तर मालिका जशीच्या तशी पाठवावयाची आणि ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर सर्व चिन्हे उलट करावयाची. ‘अ’ मनोऱ्यापासून दूर आहे. ‘ब’ जवळ आहे आणि त्याचा तरंग ‘अ’पेक्षा पाचपट मोठा होऊन पोहोचतो.

‘अ’ने ‘होय’ म्हटले आणि त्याच क्षणी ‘ब’ने ‘नाही’ म्हटले. मनोऱ्याशी ‘अ’कडून १, १, १, १ आले, ‘ब’कडून −५, −५, −५, ५ आले. आकाशकाला मिळाली ती दोहोंची बेरीज : −४, −४, −४, ६.

रूढ ग्राहक यंत्र ‘अ’चे म्हणणे शोधताना या मिश्रणाला ‘अ’च्या मालिकेने गुणते आणि येणाऱ्या आकड्यांची बेरीज करते. बेरीज धन आली तर ‘होय’, ऋण आली तर ‘नाही’. येथे बेरीज −६ येते. म्हणजे ‘अ’ने ‘होय’ म्हटले असताना यंत्राने ‘नाही’ नोंदविले! लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या उदाहरणात वीज कडाडलेली नाही, यंत्र बिघडलेले नाही, नैसर्गिक गोंगाट तर मुळी हिशेबात धरलेलाच नाही. चूक झाली ती केवळ शेजारी मोठ्याने बोलत होता म्हणून.

प्रत्यक्षातील मालिका पुष्कळ लांब असतात आणि त्यांचा एकमेकींशी मेळ उदाहरणातल्यापेक्षा फारच कमी असतो. पण बोलणारेही पुष्कळ असतात, आणि अंतराचा परिणाम मोठा असतो. एक दूरध्वनी मनोऱ्यापासून १०० मीटरवर व दुसरा २ किलोमीटरवर असेल, तर अंतरातील फरक २० पट झाला. मोकळ्या अवकाशातसुद्धा दुसऱ्याची शक्ती त्यामुळे ४०० पट क्षीण होऊन पोहोचते. घरे, झाडे आणि चढउतार असलेल्या जमिनीवर शक्ती बहुधा अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते, आणि मग हाच आकडा १,६०,००० होतो. अभियंते यालाच जवळ-दूरची समस्या म्हणतात.

ही समस्या जेथे उद्भवत नाही, तेथे साधे यंत्र उत्तम काम करते, हेही सांगितले पाहिजे. जीपीएसचे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर, प्रत्येकी १,०२३ तुकड्यांच्या वेगवेगळ्या मालिका वापरून, एकाच वेळी संदेश पाठवितात. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे डोक्यावरचा उपग्रह आणि क्षितिजाजवळचा उपग्रह यांच्या अंतरांत फारसा फरक पडत नाही. सर्वांचे आवाज जवळपास सारखेच क्षीण असतात. आपल्या देशाच्या नाविक या उपग्रह-प्रणालीचीही मांडणी याच धर्तीची आहे.

आवाज खाली आणण्याचा उपाय

भ्रमणध्वनीत ही समस्या टाळता येणे शक्य नव्हते; म्हणून क्वालकॉमच्या पद्धतीने जवळच्यांचा आवाज खाली आणला. मनोरा प्रत्येक दूरध्वनीला सेकंदातून ८०० वेळा ‘शक्ती वाढव’ किंवा ‘शक्ती घटव’ असा आदेश देतो. पुढच्या पिढीत हे प्रमाण १,५०० वर गेले. आपल्या उदाहरणात ‘ब’ला ‘अ’च्या पातळीवर आणले, तर मिश्रण ०, ०, ०, २ असे होते आणि दोघांचीही उत्तरे बरोबर येतात.

व्यवहारात हा उपाय यशस्वी झाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याची किंमत कोण देत होते, हेही पाहावयास हवे. जवळच्याने आवाज कमी केला तरी त्याचे बोलणे दूरच्याच्या दृष्टीने गोंगाटच राहते, आणि बोलणारे वाढले की हा गोंगाटही वाढतो. त्यावर मात करण्यासाठी हद्दीवरील दूरध्वनीला आपली शक्ती वाढवीत न्यावी लागते आणि अखेर ती संपते. त्यामुळे गर्दीच्या वेळी सीडीएमए मनोऱ्याचे कार्यक्षेत्र आक्रसत असे व गर्दी ओसरल्यावर पुन्हा पसरत असे. अभियंत्यांनी याला मनोऱ्याचा श्वासोच्छ्‌वास असे गमतीदार नाव दिले. सीमेवरच्या वाडीत राहणाऱ्याला त्यात गंमत वाटण्याचे कारण नव्हते. ऐन संध्याकाळी त्याचाच दूरध्वनी मुका होत असे.

गोंगाट आणि शेजाऱ्याचे बोलणे

या साऱ्या रचनेमागे एक गृहीत होते. असंख्य लोकांचे बोलणे एकत्र झाले, की त्याचे स्वरूप निव्वळ गोंगाटासारखे होते. आणि गोंगाटात हवा तो संदेश शोधण्यास जुळत्या मालिकेने गुणून बेरीज करणे हीच सर्वोत्तम रीत आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, रडारच्या संदर्भात, सिद्ध झाले होते. यावरून साधे ग्राहक यंत्रच जवळजवळ सर्वोत्तम असले पाहिजे, असे मानले जाई. जवळ-दूरची समस्या त्यामुळे पद्धतीचा जन्मजात दोष ठरली.

या गृहीताला छेद देणारे विचार तुरळकपणे मांडले जात होते. के. एस. श्नायडर यांचा १९७९ मधील निबंध त्यांपैकी एक होय. परंतु प्रश्नाची पूर्ण उकल केली ती सर्जिओ वेर्दू यांनी. बार्सिलोना येथे जन्मलेल्या वेर्दू यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९८४ साली याच विषयावर प्रबंध सादर केला. नैसर्गिक गोंगाटाचे स्वरूप कोणालाच आधी ठाऊक नसते. शेजाऱ्याच्या बोलण्याचे तसे नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्याची सांकेतिक मालिका मनोऱ्याला ठाऊक आहे, कारण ती मनोऱ्यानेच नेमून दिलेली आहे. त्याचे म्हणणे मनोऱ्याला तसेही समजून घ्यावयाचेच आहे. मग एकाचे ऐकताना दुसऱ्याला गोंगाट समजण्याचे कारणच काय? सर्वांचे म्हणणे एकत्रितपणे विचारात घेऊन उलगडले, तर समस्या पद्धतीत नसून ग्राहक यंत्रात आहे, असे दिसून येते.

सर्वोत्तम यंत्राने काय करावयाचे, तर सर्व शक्यता मांडून पाहावयाच्या. आपल्या उदाहरणात शक्यता चारच आहेत. दोघांनीही ‘होय’ म्हटले असते तर मिश्रण ६, ६, ६, −४ असे झाले असते. दोघांनी ‘नाही’ म्हटले असते तर −६, −६, −६, ४. आणि ‘अ’ने ‘नाही’ व ‘ब’ने ‘होय’ म्हटले असते तर ४, ४, ४, −६. मिळालेल्या −४, −४, −४, ६ शी जुळणारी शक्यता एकच, ‘अ’चे ‘होय’ आणि ‘ब’चे ‘नाही’. ‘ब’ पाचपट मोठा असल्याने येथे काहीही बिघडत नाही.

अडचण येते ती संख्येची. दूरध्वनी १० झाले तर शक्यता १,०२४ होतात. २० झाले तर १०,४८,५७६. आणि ३० झाले तर १०७ कोटींहून अधिक. शिवाय प्रत्यक्षात सर्वांची अक्षरे एकाच क्षणी सुरू होत नाहीत. एकाचे अक्षर दुसऱ्याच्या दोन अक्षरांवर पसरते आणि सगळी साखळी एकमेकांत गुंतते. ती सोडविण्यासाठी वेर्दू यांनी अँड्र्यू विटर्बी यांची १९६७ मधील गणनपद्धती उपयोगात आणली. तरीही प्रत्येक नव्या दूरध्वनीगणिक काम दुपटीने वाढणे टळले नाही. योगायोग असा, की हेच विटर्बी क्वालकॉमचे एक संस्थापक होते, आणि त्या कंपनीने स्वीकारले ते मात्र साधे यंत्र.

दहावीच्या बीजगणिताची मदत

सर्वोत्तम यंत्र परवडत नाही आणि साधे यंत्र दूरच्यावर अन्याय करते, अशा पेचातून मधला मार्ग निघाला, आणि तो शालेय गणितातला आहे. ‘अ’च्या मालिकेने गुणून −६ आले होते. ‘ब’च्या मालिकेने गुणले तर −१८ येतात. दोन्ही मालिकांचा परस्परांशी असलेला मेळ आधीच ठाऊक असल्याने प्रत्येक बेरजेत कोणाचा किती वाटा आहे, हेही ठाऊक आहे :

४अ + २ब = −६
२अ + ४ब = −१८

दुसऱ्या समीकरणाची निमपट पहिल्यातून वजा केली, की ३अ = ३ उरते. म्हणजे अ = १ आणि ब = −५. ‘अ’चे उत्तर धन, अर्थात ‘होय’. दहावीचा विद्यार्थी दोन चलांतील रेषीय समीकरणे ज्या रीतीने सोडवितो, तीच ही रीत होय. रुक्सांद्रा लुपास आणि वेर्दू यांनी १९८९ मध्ये अशा यंत्राचे सविस्तर विश्लेषण केले. ५० दूरध्वनी असतील तर ५० समीकरणे मांडावी लागतात. काम पुष्कळ आहे, पण दुपटी-दुपटीने वाढणारे नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. साध्या बेरजेत ‘अ’चा वाटा चारपट होता, वजाबाकीनंतर तो तिप्पट राहिला. नैसर्गिक गोंगाटाचा हिशेब धरून पाहिले, तर शेजारी नसताना ‘अ’ची जी परिणामकारक शक्ती असती, तिच्या तीन-चतुर्थांश आता उरते. एक-चतुर्थांश शक्तीचे हे मोल एकदाच द्यावे लागते. त्यानंतर ‘ब’ पाचपट बोलो की पाच हजारपट, ‘अ’च्या संदेशाला बाधा पोहोचत नाही. मालिकांचा परस्पर मेळ जितका कमी, तितके हे मोलही कमी. शेजाऱ्याचा आवाज मुळातच क्षीण असेल, तर तो पुरता पुसून टाकण्यासाठी एवढी किंमत देणे शहाणपणाचे नाही. म्हणून उपमन्यु माधो आणि मायकल होनिग यांनी १९९४ मध्ये शेजाऱ्याचा अवशेष व नैसर्गिक गोंगाट यांचा एकत्रित उपद्रव किमान करणाऱ्या यंत्राचे विवेचन केले. असे यंत्र अनुभवाने स्वतःला जुळवूनही घेऊ शकते.

दुसरी एक रीत अधिक सोपी वाटते. सर्वांत मोठा आवाज आधी ओळखावयाचा आणि मिश्रणातून वजा करावयाचा. ‘ब’चे −५, −५, −५, ५ काढून घेतले, की १, १, १, १ एवढेच शिल्लक राहते, त्यात ‘अ’ स्वच्छ दिसतो. येथे शेजाऱ्याचा मोठा आवाज उपयोगाचाच ठरतो, कारण तो निःसंशय ओळखता येतो. थॉमस कव्हर यांच्या १९७२ मधील सैद्धांतिक लेखनात या विचाराची बीजे आहेत. या रीतीचा धोकाही उघड आहे. पहिलाच निर्णय चुकला, तर जे वजा करावयाचे ते मिळविले जाते आणि उपद्रव दुप्पट होतो.

सिद्धांत आणि व्यवहार

एवढे सारे ज्ञात असताना ही यंत्रे मनोऱ्यांवर ताबडतोब का आली नाहीत, असे कोणीही विचारील. त्याची कारणे साधी आहेत. क्वालकॉमच्या पद्धतीत दूरध्वनीकडून मनोऱ्याकडे येणारी मालिका इतकी लांब असे, की प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तिचा निराळाच तुकडा येई. परिणामी समीकरणे प्रत्येक अक्षराला नव्याने मांडावी लागली असती. धावत्या वाहनातील दूरध्वनीची शक्ती क्षणोक्षणी बदलते, टेकड्यांवरून प्रतिध्वनी येतात. त्यामुळे पाचपट हा आकडाही अंदाजानेच ठरवावा लागतो. शेजारच्या मनोऱ्यांच्या हद्दीतून येणारा उपद्रव तर या हिशेबात येतच नाही, कारण त्यांच्या मालिका या मनोऱ्याला ठाऊक नसतात. आणि १९९० च्या दशकातील गणकचकत्यांना हे ओझे पेलणारे नव्हते. शक्ती-नियंत्रणाने काम भागत होते, तेव्हा उद्योगाने तेवढ्यावर समाधान मानले. या निर्णयाला चूक म्हणता येणार नाही. पण त्याचा भार हद्दीवरच्या ग्राहकाने उचलला, एवढे खरे.

हे गणित अखेर मनोऱ्यावर आले ते वेगळ्या दारातून. चौथ्या पिढीत एका मनोऱ्याखालील दूरध्वनींना पुन्हा वेगवेगळ्या कंप्रता व वेळा नेमून देण्यात आल्या. मात्र मनोऱ्यावर एकाऐवजी अनेक आकाशक बसले. दोन ठिकाणच्या दूरध्वनींचे तरंग या आकाशकांच्या रांगेवर वेगवेगळ्या ठशाने उमटतात. हा ठसा म्हणजे निसर्गानेच नेमून दिलेली सांकेतिक मालिका. बेल प्रयोगशाळेने १९९८ मध्ये प्रबळ प्रवाह आधी ओळखून वजा करण्याच्या रीतीने एकाच पट्ट्यावरील अनेक प्रवाह वेगळे करून दाखविले. तेथीलच थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दूरध्वनींच्या मानाने कितीतरी अधिक आकाशक बसविण्याची कल्पना मांडली. आकाशक पुष्कळ झाले की ठशांचा परस्पर मेळ नगण्य होतो, आणि सोप्या रेषीय यंत्रानेही काम होते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी आरंभ झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेत अशा बहुआकाशकी रचनेला महत्त्वाचे स्थान आहे.

दोन दूरध्वनींना मुद्दामच एका पट्ट्यावर, एका वेळी बोलू द्यावे आणि ग्राहक यंत्राने त्यांना वेगळे करावे, या योजनेचाही आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत २०१८ मध्ये अभ्यास झाला. पाचव्या पिढीच्या मानकात तिचा समावेश झाला नाही.

उपग्रहांच्या क्षेत्रात मात्र या विचाराला चांगले फळ आले आहे. विखुरलेल्या ठिकाणांहून अधूनमधून छोटे संदेश पाठविणाऱ्या यंत्रांना पाळी नेमून देणे परवडत नाही. ज्याला जेव्हा हवे तेव्हा त्याने पाठवावे, ही रीत हवाई बेटांवर १९७१ मध्ये प्रथम वापरात आली. दोन संदेशांची टक्कर झाली की दोन्ही टाकून द्यावयाचे, असा तेथे नियम असल्याने वेळेचा फार तर १८ टक्के भाग सत्कारणी लागे. ठरावीक कालखंडांच्या आरंभीच पाठविण्याचे बंधन घातल्यावर तो ३७ टक्क्यांपर्यंत जाई. युरोपीय अभियंत्यांनी २००७ मध्ये सुचविलेल्या सुधारणेत प्रत्येक यंत्र आपला संदेश दोन निरनिराळ्या कालखंडांत दोनदा पाठविते, आणि जोडीची प्रत कोठे आहे हेही त्यातच सांगते. टकरीत सापडलेले मिश्रण ग्राहक यंत्र टाकून देत नाही, जपून ठेवते. एखादी प्रत कोठेतरी सुखरूप मिळाली, की तिची जोडी टकरीच्या मिश्रणातून वजा करते. त्याखाली दबलेला दुसरा संदेश मोकळा होतो. मग त्याची जोडी शोधून तीही वजा केली जाते. अशा रीतीने एकामागून एक गाठी सुटत जातात आणि उपयोगात येणारा वेळ ५५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो.